डोंगर पडायची वाट

ज्ञानेश्वरी भुवड जे शिकली, ते तिच्या वाडीत अजून कुणाला धड उच्चारता आलेलं नाही. शाश्वत विकास आणि हवामान बदल अनुकूलन. पदव्युत्तर. देवरूखच्या बाजारात कुणी तिच्या काकाला, रावजीला, विचारलं की पुतणी सध्या काय करते, तर रावजी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "डोंगराचा शिकतंय ता." विचारणारा समजल्यासारखी मान हलवायचा आणि चार पावलं पुढे गेल्यावर बरोबरच्या माणसाला म्हणायचा, डोंगराचं शिकायचं काय असतं, चढायचं आणि उतरायचं. नर्स झाली असती तर लग्न पटकन जमलं असतं, मास्तरीण झाली असती तर पगार सुरू झाला असता, डोंगर शिकून पदरात काय पडणार, असं सगळ्या वाडीचं मत होतं. आमच्याकडची माणसं पैसा लपवतील, मत लपवणार नाहीत. त्यामुळे ते ज्ञानेश्वरीलाही पाठ होतं.

पोर अंगानं काटकुळी, चष्मा जाड, वेणी अशी घट्ट की कपाळ ताणलेलं दिसावं. आई लहानपणीच गेली, वडील मुंबईत वॉचमनकी करता करता गेले, आणि तिला वाढवलं ते रावजीकाका आणि गंगाकाकीनं. त्यांना स्वतःचा एक मुलगा, रितेश, तो मुंबईला. ज्ञानेश्वरीची एक खोड कुणाच्याही लगेच लक्षात यायची. रस्त्यानं चालताना माणसं खाली बघतात, ही वर बघायची. एसटीत बसली तरी डोंगराच्या बाजूची खिडकी धरायची आणि उतारावरची झाडं बघत राहायची, सरळ उभी आहेत की वाकलीत. शेजारी बसलेल्या बाईला वाटायचं, हिला गाडी लागते.

हे वेड काही जन्मजात नव्हतं. शाळेत तिच्या बाकावर राही नावाची मुलगी बसायची. दोघींचं गूळपीठ असं की एकीला ताप आला की दुसरी घरी राहायची. राही लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली आणि तिसऱ्या वर्षी, आषाढातल्या एका दुपारी, तिची अख्खी वाडी डोंगराखाली गेली. ज्ञानेश्वरी तेव्हा देवरूखच्या कॉलेजात होती. पोरांबरोबर चादरी आणि पाव घेऊन तीही तिकडे गेली. दरड कोसळते म्हणजे मोठाले धोंडे गडगडत येतात असं तिला वाटत होतं. तिथे धोंडे फारसे नव्हतेच. होती ती ताजी, तांबडी, ओली माती, पेरणीला तयार केल्यासारखी, आणि तिच्यावर काहीच नव्हतं. घरं कुठे होती हे दाखवायला गावातल्या माणसांनाही दोनदा हात फिरवावा लागत होता.

संध्याकाळी माती उपसणाऱ्यांना एक कुकर सापडला. चेपला होता, पण झाकण घट्ट होतं. कुणीतरी ते काढलं. आत भात होता, पांढरा, मोकळा, चांगला शिजलेला. तो राहीच्याच घरातला होता असं कुणी सांगितलं नाही, सांगू शकतही नव्हतं. पण ज्ञानेश्वरीनं ते मनाशी धरलं. गॅस बंद केल्यावर वाफ जायची वाट बघत माणूस जेवढा वेळ उभा राहतो, तेवढाच वेळ राहीच्या हातात होता, आणि त्या वेळात तिला पळायला कुणी सांगितलं नाही. हा विचार तिच्या डोक्यातून परत गेला नाही. पुढे रत्नागिरीत खोली घेऊन राहिली तेव्हाही ती भात उघड्या टोपात शिजवायची. घरमालकीण म्हणायची, गॅस किती जातो गो. ही हसायची.

तर असं ते शिक्षण सुरू झालं. मांडवीला समुद्राकडे खिडकी असलेली एक अंधारी खोली, आणि दिवसभर वर्ग. परक्या देशांतले पूर, परक्या देशांतले बांध, तापमानाचे आलेख. पहिलं वर्ष तिला वाटत राहिलं की आपण चुकीच्या गाडीत बसलोय. मग दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवताना हर्षद सर म्हणून जे मार्गदर्शक होते, ते म्हणाले, "तू एवढं लांब का शोधतेस? तुमच्या घराच्या वर काय आहे?"

घराच्या वर चीर होती. भुवडांची वरची वाडी उताराच्या मध्यावर बसलेली, आठ-नऊ घरं, आणि वाडीच्या डोक्यावर गवताच्या पट्ट्यात जमिनीला गेलेली एक लांब भेग. सगळ्यांना ठाऊक होती. ज्ञानेश्वरीच्या लहानपणी तिच्यात पोरांचे हात जेमतेम जायचे, हरवलेल्या गोट्या काढायला. आता तिच्यात पाय अडकून गंगाकाकीच्या शेळीची तंगडी मोडली होती. वाडीनं यावर उपाय म्हणून शेळ्या दुसरीकडे चारायला न्यायला सुरुवात केली.

ज्ञानेश्वरीनं चिरेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोहोंमधलं अंतर टेपनं मोजायचं ठरवलं. पावसाळाभर रत्नागिरी ते वाडी अशा तिच्या खेपा चालल्या. अंतर वाढत होतं. झाडं वाकत होती, रावजीच्या मागल्या भिंतीला तडा गेला होता. तिनं ते सगळं लिहिलं, आकृत्या काढल्या, सरांनी ते पुढे पाठवलं, मग अधिकारी आले, भूगर्भवाले आले, छत्रीखाली उभे राहून त्यांनीही वर बघितलं, आणि वाडी धोक्यात आहे असा कागद निघाला. खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याचे निवारे उभे राहिले.

कागद काढणं सोपं, माणूस उठवणं कठीण. ते काम ज्ञानेश्वरीनं केलं. ती दारात उभी राहून बोलली नाही, चुलीपुढे बसून बोलली. कुणी चहा दिला, कुणी शिव्या दिल्या. रावजी तर सरळ म्हणाला, "माज्या बापजाद्याला डोंगरान सांबाळलान, आनि तू मना त्येचा भ्या दाखवतंस?" शेवटी एका दुपारी तिनं गंगाकाकीला त्या कुकराचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकी उठली, मांडणीवरची भांडी काढून टोपलीत भरायला लागली, आणि रावजीला म्हणाली, "मी खाली जातंय. तुमाला येवाचा तर येवा." एक घर हललं की बाकीची हलतात. वाडी उतरली.

तिला पहिला वर्ग मिळाला. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रबंध पुष्कळ होतात, माणसं वाचवणारा एखादाच. ज्ञानेश्वरीला त्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्याकडे बघून हसतोय असं वाटलं. रत्नागिरीतल्याच एका संस्थेत तिला नोकरी लागली, असल्याच पाहण्यांची.

आणि डोंगर पडला नाही.

पहिल्या पावसाळ्यात पडला नाही, तेव्हा लोक म्हणाले, देवाची कृपा. दुसऱ्या पावसाळ्यातही पडला नाही, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. पत्र्याखाली राहणं म्हणजे काय ते राहिल्याशिवाय कळत नाही. पावसात बोललेलं ऐकू येत नाही, उन्हात भिंतीला हात लावता येत नाही. गुरांना जागा नव्हती म्हणून गुरं गेली. गंगाकाकीची तांबू गाय विकली तेव्हा काकीनं दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. आणि वर, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर, आपली मातीची, कौलाची, थंडगार घरं रिकामी उभी. संध्याकाळी तिकडे बघू नये असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. पूर्वी या वेळेला कौलांमधून धूर निघायचा. आता निघत नव्हता, आणि तो निघत नाही हेच दिसत राहायचं. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेलं गाव असावं तशी ती वाडी दिसे.

वाडीत सगळ्यांत म्हातारे आत्मारामआजोबा, रावजीचे चुलते. ते पत्र्याच्या सावलीत बाकावर बसून असायचे, तोंड वरच्या घरांकडे. ज्ञानेश्वरी गाडीतून उतरली की विचारायचे, "काय गो बाय, कवा पडनार?" त्यात टोमणा नव्हता. देवरूखची गाडी कधी येणार असं विचारावं तसं ते साधेपणी विचारायचे. तिला माहीत असणार, ती शिकलेली आहे, एवढंच. ती म्हणायची, "सांगता येत नाही, आजोबा." ते मान हलवायचे आणि पुन्हा वर बघायचे.

ऐन चैत्रात, पत्र्याखालच्या उकाड्यात, आजोबा गेले. डॉक्टरनं वयाचं कारण दिलं. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "डोंगरान नाय मारलान, पत्र्यान मारलान." म्हणणाऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. ज्ञानेश्वरी वाढत होती. तिच्या हातातली डाळ सांडली नाही, ती पुढच्या पानाकडे गेली, आणि सगळं आटपल्यावर मागच्या मोरीत जाऊन एकटीच भांडी घासत बसली.

त्यानंतर तिला तो प्रश्न ऐकू यायला लागला. ऑफिसात कागद चाळताना, मांडवीच्या वाळूवर चालताना, भाताच्या टोपाला उकळी फुटताना. कवा पडनार? आजोबांचाच आवाज, तसाच निर्मळ. भुतंखेतं तिला मान्य नव्हती, पण ऐकू यायचं ते यायचंच. त्याहून वाईट होतं ते दुसरंच. त्या ज्येष्ठात हवामान खात्यानं लाल इशारा दिला. दोन दिवस पाऊस धरून कोसळत होता आणि ती मांडवीच्या खिडकीशी उभी होती. समोर समुद्र दिसत नव्हता, नुसता घुमत होता, आणि तिला तो डोंगराचा आवाज वाटत होता. तिच्या तोंडून शब्द निघाला: "पड."

मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "पड ना एकदाचा."

वाडी रिकामी आहे, कुणाला काय होणार, असं तिनं स्वतःला समजावलं. घरं गेली तर जातील, पण मग सगळ्यांना कळेल. आजोबा उगाच मेले नाहीत, तांबू उगाच गेली नाही. खरं ठरायची एवढी भूक आपल्याला असेल हे तिला माहीत नव्हतं. त्या भुकेची तिला किळस आली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला फोन काकाला लावला तो त्यासाठीच. रावजी म्हणाला, "सगला हाय तिथंच हाय." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटलं.

श्रावण सरता सरता रावजीनं जाहीर केलं की यंदा गणपती मूळ घरात बसणार.

इथे एक सांगायला हवं. भुवडांच्या साऱ्या भावकीचा गणपती एकच, आणि तो मूळ घरात. मूळ घर म्हणजे रावजीचं. मुंबईची माणसं कुठे का राहीनात, त्या पाच दिवसांत त्या घरात येणार. दोन वर्षं गणपती पत्र्यात बसवला होता, गुरवाकडून देवीला कौल लावून, परवानगी घेऊन. पण दोन वर्षांत काय झालं? रितेशची मुंबईतली नोकरी गेली. आजोबा गेले. कुणाच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. एकेक गोष्ट तशी कुठेही घडते, पण माणूस त्या एका दोऱ्यात ओवतो. दोरा मिळाला: देव घरात नाही.

ज्ञानेश्वरी सुट्टी टाकून आली. "काका, पाऊस अजून गेलेला नाही. सगळी भावकी त्या एका घरात असेल."

"पाच दिसांचा तर प्रश्न हाय."

"त्याला पाच दिवस लागत नाहीत."

"दोन वर्सा तुजा आयकला," रावजी म्हणाला. तो रागावला नव्हता, दमला होता. "दोन वर्सा आमी वाट बगितली. आता देवाला किती वाट बगाला लावू?"

गंगाकाकी दाराशी होती. वरच्या घराला पोतेरं घालायचं म्हणून ती शेण गोळा करून आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की ज्ञानेश्वरीच्यानं पुढे बोलवलं नाही.

चतुर्थीच्या सकाळी गणपती वर गेला. रितेशच्या डोक्यावर पाट, पुढे ढोलकी, मागे पोरं. आपण खाली राहायचं असं ज्ञानेश्वरीनं रात्रीच ठरवलं होतं. सगळे गेल्यावर ती रिकाम्या पत्र्यात बसली आणि तिला जाणवलं की इथे, सुरक्षित जागी, एकटं बसून वर बघत राहणं हे आपल्यानं होणार नाही. आपण वाट बघतोय असं होईल. ती उठली आणि मागोमाग चढली. घरात न जाता आधी चिरेकडे गेली.

गवत कमरेएवढं माजलं होतं. पावसाची बारीक झड चालू होती. खुंट्या शोधायला वेळ लागला. तिनं टेप लावली, आकडा बघितला, मागच्या वेळेचा आठवला, पुन्हा टेप लावली. अंतर वाढलं होतं. की खालची खुंटी नुसतीच कलली होती? तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. वाढलं होतं, पण कितीसं, आणि ते ओल्या टेपेचं असेल तर? दोन वर्षांपूर्वी तिनं एका नजरेत सांगितलं असतं. आता तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. चीर रुंदावली होती की तिला रुंदावलेली हवी होती, हे तिला कळेना. ती गवतात उकिडवी बसली आणि लहान पोरासारखी रडली. खाली आरती सुरू झाली होती.

ती घरात शिरली तेव्हा आरती संपत आली होती. ओटीवर, माजघरात, दारांच्या चौकटीत माणसंच माणसं. टाळांनी कान बधिर झाले होते. गणपती सुरेख होता, वर टांगलेल्या लाकडी माटवीला हरणाची रानफुलं आणि कवंडळाची फळं बांधलेली, समोर समया. शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास आला आणि तिला स्वतःलाही क्षणभर वाटलं, हेच खरं घर, बाकी सगळं आपण उगीच केलं.

आरतीनंतर गाऱ्हाणं. घरातला कर्ता पुरुष हात जोडून उभा राहतो, सगळ्यांच्या वतीनं देवापाशी बोलतो, मागायचं ते मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात होकार देतात. माणसांनी होकार दिला की मागणं पक्कं होतं. रावजी नारळ हातात घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरा मूळ घरात गोळा झाली हायत. काय चुकला माकला आसल ता पोटात घाल रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"रितेसची नोकरी गेलीय, त्येच्या हाताला काम दे. आजारी आसल त्येला उटीव. मुंबयवाल्यांना सुकरूप ने नि सुकरूप आन रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

मग रावजी थांबला. त्यानं ज्ञानेश्वरीला दारात बघितलं होतं, ओली, डोळे सुजलेले. काल आपण पोरीला तोडून बोललो हे त्याच्या मनाला लागलं असणार. तो मनाचा मऊ माणूस. आता सगळ्या भावकीदेखत त्याला तिची बाजू घ्यायची होती. त्यानं आवाज चढवला.

"आनि आमच्या ज्ञानून रातीचा दिस करून आभ्यास केलान. तिला लोका नाय नाय ता बोलली. तिच्या आभ्यासाला यश दे. तिचा सबूद खाली पडू देव नको. ती जा बोललीय ता खरा करून दाखीव रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा होकार हाच झाला. बायकासुद्धा ओरडल्या. एकदोघांनी कौतुकानं मागे वळून तिच्याकडे बघितलं, एका आतेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण काय मागितलं ते त्या भरल्या घरात कुणाच्याही ध्यानात आलं नाही. देवापुढे पोरांच्या अभ्यासाला यश मागायचं असतं, ते मागितलं होतं.

पुढे ज्ञानेश्वरी कशी गेली, ते तिला आठवत नाही. माणसांना बाजूला सारत ती काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आमच्याकडे बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. तिनं हात जोडले. रत्नागिरीला गेल्यापासून तिची बोली शहरी झाली होती, ती त्या घटकेला गळून पडली.

"बा देवा म्हाराजा, माजा सबूद खाली पाड. माजा आभ्यास खोटा कर. मी बोललंय त्यातला कायपन खरा करू नको. मी त्येला पड म्हनून सांगितला व्हता म्हाराजा, दोनदा सांगितला. मना खरा ठराचा व्हता. ता आयकू नको. मना जलमभर खोटी ऱ्हाव दे रे म्हाराजा…"

होकार द्यायला कुणी तोंड उघडलं नाही. आपल्या घरच्या लेकीचं वाईट व्हावं याला व्हय कसं म्हणायचं? टाळकरी टाळ छातीशी धरून उभे राहिले. पोरंसुद्धा गप्प झाली. पावसाचा बारीक आवाज कौलांवर होता, बाकी काही नव्हतं.

मग मागून गंगाकाकीचा एकटीचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

आणि पुन्हा सगळं शांत. त्या शांततेत रावजीनं मान वळवली, कुणी हाक मारल्यासारखी. तो मागच्या दाराकडे बघायला लागला. नारळ त्यानं पाटाशी ठेवला आणि तो मागच्या पडवीत गेला. घरामागून एक पऱ्या वाहतो, वरून उतरणारा, आषाढात सुरू झाला की दिवाळीपर्यंत त्याची खळखळ त्या घरात दिवसरात्र असते, इतकी की ती आहे हे कुणाला जाणवत नाही. आता ती नव्हती. रावजी पडवीत उभा राहिला. पाऊस पडत होता, आणि पऱ्यात नुसते ओले दगड होते.

ज्ञानेश्वरी त्याच्या मागे आली. तिनंही मघाशी वरून येताना हे बघितलं नव्हतं, ती टेपेतच गुंतली होती. "काका," ती म्हणाली, "पाणी डोंगराच्या पोटात चाललंय."

त्याला हे सांगायला पदवी लागत नव्हती. भादव्यात पाऊस चालू असताना पऱ्या आटतो म्हणजे डोंगर आतून सुटायला लागलाय, हे शेत करणाऱ्याला कळतं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. त्या भीतीनं तिला बरं वाटलं नाही. काल रात्रीपर्यंत तिला वाटत होतं की बरं वाटेल.

रावजी आत आला. "देव उचला," तो म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, आत्ताच तर बसवला. पाच दिवसांचा गणपती पहिल्या दिवशी? घरात कुणी मेलं, सुतक आलं, तरच आमच्याकडे गणपती असा मध्येच बुडवतात, घाईघाईनं, वाद्याशिवाय. एरवी कुणी त्याला जागचा हलवत नाही. "सुतक आला आसा समजा," रावजी म्हणाला आणि त्यानं स्वतः उत्तरपूजेच्या अक्षता वाहिल्या. पाट त्यानं रितेशला उचलू दिला नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतला. म्हातारी माणसं आधी, मग पोरं, मग बायका. गंगाकाकीनं समया विझवल्या, चुलीवरचं मोदकांचं भांडं तसंच राहू दिलं, आणि ती रडत बाहेर पडली. ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या शेवटी. तिनं सगळ्या खोल्या बघितल्या, कुणी राहिलं नाही ना.

पायवाटेनं सगळे मुकाट उतरत होते. कुणी मोरया म्हणालं नाही. ज्ञानेश्वरी दर चार पावलांवर मागे बघत होती. धुक्यात वाडीची कौलं दिसत होती आणि त्यांच्यावर डोंगर उभा होता. तो उभा आहे याचा तिला आनंद झाला, कितीतरी दिवसांनी, नुसता आनंद. ती पुटपुटत होती, राहा, राहा.

नदीकडे जायची वाट खालच्या गावातून जाते. तिथे घरोघर आत्ता कुठे आरत्या चालल्या होत्या. टाळांचे आवाज येत होते. भुवडांचा गणपती पहिल्याच दुपारी, ढोलकीशिवाय, भिजत, रावजीच्या डोक्यावरून चाललेला बघून एकेका घरातले टाळ थांबले. माणसं ओटीवर आली. बायकांनी तोंडाला पदर लावले. वळणावरच्या घराचा म्हातारा सदऱ्याची बटणं लावत अंगणात उतरला आणि त्यानं वाटेच्या कडेला उभं राहून हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेला रं?"

रावजी थांबला नाही. पाट सावरत म्हणाला, "कोन नाय. अजून कोन नाय."

म्हाताऱ्याचा विश्वास बसला नसावा. तो पावसात तसाच उभा राहिला आणि समोरून जाणारा एकेक चेहरा निरखत राहिला, कोण कमी आहे ते शोधत. सगळ्यांत शेवटी ज्ञानेश्वरी आली. तिच्याकडे बघून झाल्यावर त्यानं तिच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं.